तो प्रश्न पोचवायचा राहिला

एका वाचक मुलीचं पत्र:

‘ताई, मी इचलकरंजीची, वय 26. पुण्यात राहून चिनी शिकले आणि आता माग आयात करणाऱ्या एका कंपनीत दुभाषी आहे. आमच्या घरी आजोबांपासूनचे साधे यंत्रमाग आहेत. मागच्या महिन्यात चीनमधल्या शाओशिंगहून दोन इंजिनिअर आले होते. बाबांनी हट्टानं त्यांना आमच्या शेडमध्ये नेलं, चहा पाजला, माग दाखवले. त्यांच्याकडचा एक नमुना चिमटीत धरून “चाळीसचं सूत हाय” असा सुताचा बारीकपणाही सांगितला. मग मला म्हणाले, “त्यास्नी इचार, आमच्या इचलकरंजीएवढी कापडाची पेठ हाय काय तुमच्याकडं?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी प्रश्न सांगितलाच नाही. पाहुण्यांकडे बघून नुसतं “येलांग च-ता” म्हणाले. ते हसले. कौतुक चाललंय असं वाटून बाबाही हसले. रात्री भावानं मोबाइलवर अर्थ शोधून मोठ्यानं वाचला: “क्षुद्र असून स्वतःला थोर समजणारा.” बाबा ताटावरून उठले. त्याला आज अठरा दिवस झाले. माझ्याशी बोलतात ते आईमार्फत.

या म्हणीचा नेमका अर्थ काय? ती शिवी आहे का? आणि माफी मागू तरी कशी? बाबांना गर्व आहे हे खोटं नाही. नव्या मागाचा विषय काढला की “आमचं कापड बघाय मुंबईचे शेठ येत हुते” म्हणून उडवून लावतात. पण माझ्या चिनी शिकण्याला सगळी गल्ली हसत होती, तेव्हा पुण्याचा खर्च त्यांनीच केला, हेही खरं आहे.’

प्रिय मुली,

माफीचं आधी सांगावं असं वाटत होतं, पण म्हणीपासूनच सुरुवात करते. माफी कशी मागायची ते त्या गोष्टीतच आहे, आणि तुला शिकवताना ती गोष्ट कुणी पूर्ण सांगितली नसणार. मीही माझ्या विद्यार्थ्यांना ती बरीच वर्षं अर्धवटच सांगितली. ‘येलांग नावाचं टिचभर राज्य होतं, तिथल्या राजानं चीनच्या दूताला विचारलं, तुमचं राज्य मोठं की आमचं?’ एवढं सांगायचं, वर्ग हसायचा, की पुढची म्हण. मूळ उतारा सावकाश वाचला तेव्हा फार वाईट वाटलं.

आधी शब्द बघू. येलांग हे राज्याचं नाव. ‘च’ म्हणजे स्वतः (हा आपल्या ‘चाका’तला च), ‘ता’ म्हणजे मोठा. येलांग स्वतःला मोठा समजतो. ही शिवी नाही. चारचौघांत, वर्तमानपत्रात, भाषणात ती सर्रास येते. पण तिच्यात हिणवणं पुरेपूर आहे. आपल्याकडे ‘अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालाय’ म्हणताना जो सूर लागतो, तो तिथे लागतो. बापाला तोंडावर कुणी असं म्हणत नाही, चीनमध्येही नाही. याच ‘च-ता’वर चिनी माणसं अक्षरांचा एक खेळ करतात. वर ‘स्वतः’चं अक्षर लिहायचं, खाली ‘मोठा’चं, आणि मोठ्याला एक ठिपका द्यायचा. अक्षर तयार होतं ‘दुर्गंधी’चं. ठिपका दिलेला ‘मोठा’ म्हणजे ‘कुत्रा’ हे अक्षर, आणि ‘स्वतः’चं अक्षर मुळात नाकाचं चित्र. नाक आणि कुत्रा, म्हणून वास. तेव्हा तुझे पाहुणे का हसले ते तुझ्या बाबांना नीट समजलंय. तुझ्या भावानं वाचलेला अर्थ चुकीचा नव्हता. ‘तसा अर्थ नव्हता हो बाबा’ असं सांगायला जाऊ नकोस.

आता गोष्ट. ती सुरू होते कापडापासून, हे मुद्दाम लक्षात ठेव.

चीनच्या हान घराण्यातल्या सम्राट वूनं चांग छिएन नावाच्या माणसाला पश्चिमेकडे पाठवलं होतं. शंभरावर माणसं घेऊन तो निघाला. वाटेत शिओंगनू टोळ्यांनी त्याला पकडून दहा वर्षं अडकवून ठेवलं. 13 वर्षांनी तो परतला, ते इ.स.पू. 126 मध्ये, आणि बरोबर एकच माणूस उरला होता. पार बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, त्यानं बाजारात दोन वस्तू पाहिल्या होत्या आणि त्या पाहून तो थबकला होता. एक, सिचुआनकडच्या बांबूची काठी. दुसरी, सिचुआनचंच कापड. आपल्या देशाचा माल, आणि तो आपल्याआधी इथे पोचलेला! हे आणलंत कुठून, असं त्यानं विचारलं. तिथले लोक म्हणाले, आमचे व्यापारी शेंदूहून विकत आणतात. शेंदू म्हणजे सिंधू, म्हणजे आपण. तो देश सखल, दमट, उष्ण आहे, तिथली माणसं हत्तीवर बसून लढतात आणि देश एका मोठ्या नदीकाठी आहे, असं त्यांनी सांगितलं.

चांग छिएननं हिशेब केला. सिचुआनचं कापड भारतात जातं, तर सिचुआनच्या नैर्ऋत्येकडून भारताला जाणारी वाट असलीच पाहिजे. त्याचं म्हणणं सम्राटाला पटलं आणि इ.स.पू. 122 मध्ये दूत निघाले. ज्या दूतांमुळे ही म्हण जन्माला आली, ते निघाले होते भारताची वाट शोधायला. येलांगला हिणवायला नव्हे, आणि येलांगसाठीसुद्धा नव्हे. एका कापडाच्या तुकड्याचा माग काढत ते चालले होते.

ते पोचले तिएन राज्यात, आजच्या युन्नानमध्ये. तिएनच्या राजानं विचारलं, ‘हान आणि आम्ही, मोठं कोण?’ चिनीत मोजून पाच अक्षरं. इतिहासकार सीमा छिएननं हे त्याच्या ‘शिची’ या ग्रंथात लिहून ठेवलंय. पुढच्याच वाक्यात तो म्हणतो, येलांगच्या राजाचंही तसंच झालं.

पाहिलंस? आधी विचारलं तिएननं. येलांग आलाय एका ओळीच्या शेपटीला. पण दोन हजार वर्षं नाव खराब झालं ते येलांगचं, तिएन सुटला. येलांगचा मुलूख आज ज्या ग्वेचौ प्रांतात येतो, तिथल्या लोकांना याचं आजही वाईट वाटतं आणि मला ते रास्त वाटतं. येलांग काही टिचभर नव्हतं. त्याच ग्रंथात त्या प्रकरणाचं पहिलं वाक्यच असं आहे की नैर्ऋत्येकडे डझनांनी राजे आहेत, त्यांत येलांग सर्वांत मोठा. थांग मंग नावाच्या हान अधिकाऱ्यानं तर त्याआधी सम्राटाला कळवलं होतं की येलांगकडून लाखावर निवडक सैनिक मिळतील. चारी बाजूंना डोंगर, ओळखीचे सगळे शेजारी आपल्यापेक्षा लहान. अशा राजानं स्वतःला मोठं समजणं हा त्याच्या नजरेच्या टप्प्यातला खरा हिशेब होता.

तुझं गाव डोळ्यांसमोर आण. 1904 साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार घोरपड्यांनी त्याला पाठबळ दिलं. पुढे गाव ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ झालं. तुझ्या बाबांनी उभ्या हयातीत जेवढं जग पाहिलं, त्यात आपल्या गावाएवढी पेठ त्यांना फार दिसली नसेल. शाओशिंगमधली खछ्याओची कापडपेठ जगातल्या सर्वांत मोठ्या पेठांपैकी एक आहे, हे तुला ठाऊक होतं. त्यांना ते कुणी सांगितलं होतं?

सीमा छिएनचं पुढचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. राजांनी असं का विचारलं? तो म्हणतो, वाट नव्हती म्हणून. प्रत्येकजण स्वतःला एका अख्ख्या प्रांताचा धनी समजे आणि हान किती विस्तीर्ण आहे हे त्याला माहीत नव्हतं. बस्स. राजे मूर्ख होते, उद्धट होते, असं तो कुठेच म्हणत नाही. आणि तो घरबसल्या लिहीत नव्हता. इ.स.पू. 111 च्या सुमारास सम्राटाच्या कामावर तो स्वतः त्याच नैर्ऋत्य मुलखात कुनमिंगपर्यंत जाऊन आला होता. ते चढ, त्या दऱ्या, तो पाऊस त्यानं अंगावर घेतला होता. ग्वेचौबद्दल आजही म्हणतात की तिथे आभाळ सलग तीन दिवस मोकळं नसतं आणि जमीन सलग तीन ली सपाट नसते. ली म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर. ज्यानं तो मुलूख पायांखाली घातला, त्यानं दोष वाटेला दिला. राजांच्या स्वभावाला नावं ठेवली ती नंतरच्या लोकांनी, ज्यांनी तो डोंगर कधी पाहिलाही नव्हता.

आज तिथे काय आहे सांगू? ग्वेचौ आणि युन्नानच्या सीमेवर, म्हणजे साधारण येलांग आणि तिएनच्या मुलखांना जोडणारा, पेइफान नदीवरचा पूल. नदीपासून 565 मीटर उंच. 2016 मध्ये तो खुला झाला तेव्हा जगातला सर्वांत उंच पूल होता. त्याचा फोटो पाहिला की मला दर वेळी तो राजा आठवतो. एवढी दरी मध्ये होती, आणि आपण त्याला हसलो.

गोष्टीचा जो भाग कुणीच सांगत नाही, तो आता. एवढा ‘गर्विष्ठ’ प्रश्न विचारल्यावर तिएनच्या राजानं दूतांना हाकललं का? नाही. त्यांना ठेवून घेतलं. आणि त्यांच्यासाठी पश्चिमेची वाट शोधायला स्वतःहून दहावर तुकड्या पाठवल्या. वर्षभराहून जास्त काळ हे चाललं. कुनमिंगच्या टोळ्यांनी वाट अडवली म्हणून भारत काही सापडला नाही, पण राजानं आपल्या बाजूनं कसर सोडली नव्हती. ‘मोठं कोण’ विचारणारा आणि परक्यासाठी वाट शोधायला माणसं धाडणारा, दोन्ही एकच माणूस.

तू पत्राच्या शेवटी एक वाक्य लिहिलंस, गल्ली हसत होती तेव्हा पुण्याचा खर्च बाबांनीच केला म्हणून. ते वाचून मी थांबले होते. स्वतःचं गाव जगात मोठं मानणाऱ्या माणसानं आपली पोरगी चिनी शिकायला पाठवली. बाहेर काय आहे ते बघण्याची ओढ नसती तर त्यानं हा खर्च कशाला केला असता? माझं मत विचारशील तर खरा फुगलेला माणूस विचारतच नाही. तो सांगतो. तुझे बाबा ‘आमच्याएवढी पेठ जगात नाही’ असं म्हणाले असते तर मी तुझ्याशी वेगळं बोलले असते. ते म्हणाले, ‘इचार’. त्यांना उत्तर हवं होतं.

म्हणजे त्यांना गर्व नाही का? आहे की थोडा. नव्या मागाच्या बोलण्यावर मुंबईच्या शेठचं नाव पुढे करतात, तेव्हा त्यात गर्व असतो आणि माझ्या अंदाजानं थोडी भीतीही असते. साध्या मागाचे दिवस भरत आलेत हे त्या खटखटीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला कळत नसेल, असं मला वाटत नाही. पण तो विषय वेगळा आहे. माफी मागायला जाशील तेव्हा तो काढू नकोस. ‘चुकलं माझं, पण तुम्हीही जरा...’ अशी सुरुवात केलीस तर माफी तिथेच संपली.

आता तुझी चूक. लाज वाटली, एवढ्याला मी चूक म्हणत नाही. परक्या माणसांसमोर आपल्या माणसाची लाज वाटण्याचा क्षण बहुतेकांच्या वाट्याला येतो. गावाकडून आलेली आई कॉलेजच्या दारात मोठ्यानं हाक मारते आणि आपण मान खाली घालतो. पुढे कित्येक वर्षं तेच आठवून पोटात तुटतं.

तुझ्या चुका मला दोन दिसतात. बाबांना जी भाषा येत नाही, त्या भाषेत तू त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोललीस. ते हसत राहिले. पुढे अर्थ कळल्यावर त्यांना सगळ्यात जास्त काय लागलं असेल? माझ्या मते ते स्वतःचं हसू. आपणच आपल्यावर हसणाऱ्यांत सामील झालो होतो, हे. तुझ्या माफीत याचा उल्लेख नाव घेऊन आला पाहिजे.

दुसरी चूक जास्त मोठी, आणि ती तुझ्या कामातली आहे. तू दुभाषी आहेस. ‘वाट नव्हती म्हणून’ असं सीमा छिएननं लिहिलं, ते दोन हजार वर्षांपूर्वी. तुझ्या शेडमध्ये त्या दिवशी वाट होती. पाहुणे समोर, बाबा समोर, मध्ये तू. त्या चौघांत दोन्हीकडे जाऊ-येऊ शकणारी तू एकटी. आणि तू वाट बंद केलीस. प्रश्न पोचला असता तर काय झालं असतं? इंजिनिअरांनी खछ्याओबद्दल सांगितलं असतं. बाबा चकित झाले असते, कदाचित खट्टू झाले असते, कदाचित त्यांनी आणखी पाच प्रश्न विचारले असते. यातलं काहीच घडू दिलं गेलं नाही. जो प्रश्न आपल्याला लाजिरवाणा वाटतो तो तर दुभाष्यानं जास्त काळजीनं पोचवायचा असतो.

कर असं. बाबा शेडमध्ये एकटे असतील तेव्हा जा, माग बंद असताना, म्हणजे ओरडून बोलावं लागणार नाही. आईला मध्ये घेऊ नकोस. सरळ सांग: ‘बाबा, मला त्या दिवशी तुमची लाज वाटली. म्हणून मी तुमचा प्रश्न सांगितला नाही आणि तुम्हाला कळणार नाही अशा भाषेत तुम्हाला हिणवलं. तुम्ही त्यांच्याबरोबर हसलात, तेव्हाही मी गप्प राहिले.’ हे शब्द जड जातील. हलके करू नकोस. ते काही बोलणार नाहीत, बहुधा कांडी बदलतील, नाहीतर तुटलेला धागा जोडत बसतील. बसू देत. तू तिथून उठू नकोस.

पुढे कधीतरी, त्याच दिवशी नाही जमलं तर नंतर, त्यांना ही गोष्ट सांग. पण त्यांची समजूत काढायला नको. ‘बघा, म्हण काही वाईट नाही’ असं दाखवायला तर नकोच, कारण ती लागणारीच आहे. कापडाची गोष्ट म्हणून सांग. सिचुआनचं कापड भारतातून फिरून अफगाणिस्तानच्या बाजारात कसं गेलं आणि एका माणसानं ते कसं ओळखलं, इथून सुरू कर. परमुलखात, इतक्या मालात, त्यानं आपल्याकडचं कापड ओळखलं! यात काय कसब आहे ते तुझ्या बाबांना माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा चांगलं कळेल. परक्याचा नमुना चिमटीत धरून चाळीसचं सूत म्हणणारा माणूस आहे तो. तू ती ओळ पत्रात जाता जाता लिहिलीस. पाहुण्यांना तरी ती सांगितलीस का?

गोष्ट सांगशील तेव्हा शिक्क्याचंही सांग. इ.स.पू. 109 मध्ये तिएन हानला शरण गेलं, तेव्हा सम्राटानं तिएनच्या राजाला शिक्का दिला. नैर्ऋत्येकडच्या शेकडो राजांपैकी राजशिक्का मिळाला फक्त दोघांना, येलांगला आणि तिएनला. ‘आम्ही मोठे का’ विचारणारे तेच दोघे. तिएनचा शिक्का 1956 मध्ये युन्नानमध्ये शिचाइशानच्या एका थडग्यात सापडला. सोन्याचा, जेमतेम 2.4 सेंटिमीटरचा चौकोन, वर वेटोळं घातलेला साप. तळहातावर ठेवला तर बोटं मिटली की दिसायचा नाही. येलांगचं पुढे हानशी बिनसलं आणि इ.स.पू. 27 च्या सुमारास त्याच्या शेवटच्या राजाला हान अधिकाऱ्यानं मारलं. मागे राहिली ती ही म्हण. आता मात्र चीनमध्ये एकाहून जास्त गावं ‘खरं येलांग आमचंच’ म्हणून भांडतायत. ज्या नावाची टर उडवली, तेच नाव प्रवाशांना बोलवायला कामाला येतंय.

आणि शेवटचं काम, याच्यावाचून बाकीचं अर्धं राहील. त्या दोन इंजिनिअरांपैकी एकाचा नंबर तुझ्याकडे असणारच. त्याला आधी कळव की त्या दिवशी मी बाबांचा प्रश्न तुम्हाला सांगितला नव्हता आणि जे बोलले ते बोलायला नको होतं. ते समजून घेतील, आईबापाचा मान ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागत नाही. मग बाबांना शेजारी बसवून व्हिडिओ कॉल लाव आणि प्रश्न त्यांच्याच शब्दांत विचार. ‘इचलकरंजीएवढी’ गाळू नकोस, ‘हाय काय’मधला ठसका जमेल तेवढा ठेव. उत्तर येईल तेही जसंच्या तसं दे, सौम्य करू नकोस. उभी हयात बाजारात घालवलेला माणूस आहे, आकडा ऐकून कोलमडणार नाही. जमलं तर त्या माणसाला फोन घेऊन खछ्याओच्या पेठेत उभं राहायला सांग. बाबांना गठ्ठे दिसू देत, गाळे दिसू देत, गर्दी दिसू देत. ते पुढे जे विचारतील तेही पोचव, एकही प्रश्न गिळू नकोस. आणि तिकडून त्यांना काही विचारायचंय का, तेही विचार.

माझा एक प्रश्न मात्र आत्ताच त्यांना दे. नुसत्या चिमटीत धरून चाळीसचं सूत साठच्या सुतापासून वेगळं कसं ओळखतात? अंगठ्याला नेमकं काय लागतं? मला खरंच जाणून घ्यायचंय. त्यांनी सांगितलं तर त्यांच्याच बोलीत लिहून पाठव.

तुझी,
ताई